खाणीचं पाणी, लाखेचं सील आणि "मर्यादेत आहे" असं पत्र

ताई, तुमचा प्रश्न दोनदा वाचला. माहेर गोव्यात साखळीचं, सासर विदर्भात कोळशाच्या पट्ट्यात. शेताच्या कडेनं जाणारा नाला पावसाळ्यात काळा वाहतो, विहिरीच्या पाण्यात डाळ शिजत नाही, दोनदा तक्रार केली, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे लोक एकदा येऊन बाटल्या भरून गेले आणि दोन महिन्यांनी पत्र आलं की पाणी मर्यादेत आहे. आणि तुम्ही विचारताय की आपल्या गोव्यात तर खाणी बंद पाडल्या, मग इकडे सरकार हात का लावत नाही.

गोव्याचं आधी सांगतो, कारण माहेरचा अभिमान असला तरी हा गैरसमज आहे. आपल्याकडे कोळशाची खाण एकही नाही, आपली बहुतेक सगळी लोखंडाची (कोळसा आपल्याला कळतो तो वास्कोत, बंदरावरून उडून खिडकीच्या पट्टीवर बसतो तेवढा). आणि त्या खाणी थांबल्या त्या पाण्यामुळे नाहीत. २०१२ मध्ये बेकायदा खाणकामाची चौकशी करणाऱ्या शाह आयोगाचा अहवाल आला, सप्टेंबरात राज्य सरकारनं काम थांबवलं, ऑक्टोबरात सुप्रीम कोर्टानं बंदी घातली. एप्रिल २०१४ च्या निकालात कोर्टानं म्हटलं की लीजची (खाणपट्ट्यांची) मुदत नोव्हेंबर २००७ लाच संपली होती, आणि वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली. मग फेब्रुवारी २०१८ मध्ये ८८ लीजचं नूतनीकरण रद्द झालं आणि १६ मार्चपासून परत सगळं ठप्प. म्हणजे भांडण लीजचं, परवान्याचं, महसुलाचं. पिसुर्ल्याच्या शेतात गाळ गेला, शिरगावात झरे आणि विहिरी आटल्या, त्यावर लोकांनी वर्षानुवर्षं अर्ज केले, पंचायतीत ठराव झाले, कोर्टात सुद्धा गेले, पण एवढ्या खाणींना एकदम कुलूप लागलं ते मात्र कागदामुळे. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण तुमच्या केसमध्ये सुद्धा मला कागदाचाच रस्ता जवळचा वाटतो.

मी वीसेक वर्षं हेच काम केलं. आधी लॅबमध्ये, पाण्याचे नमुने घ्यायला आणि तपासायला, नंतर खाणवाल्यांचाच सल्लागार म्हणून. दोन्हीकडचं मीठ खाल्लंय, त्यामुळे बाटली कुठे भरली की काय आकडा येतो हे मला दोन्ही बाजूंनी माहीत आहे.

एक प्रसंग सांगतो. दिचोली तालुक्यातली एक खाण, नाव नको. मिरगाचा पाऊस नुकताच लागलेला. खालच्या वाड्यावरच्या लोकांची तक्रार होती की सरद (पावसाळी भाताच्या) शेतीत लाल गाळ येतोय, रोपं त्याखाली बसतायत. आम्ही तिघं जीपनं निघालो, गेटवर वॉचमननं नोंदवही पुढे केली, नाव, सही, गाडी नंबर, कोणाला भेटायचंय, साहेब मीटिंगमध्ये आहेत, बसा, चहा घ्या. पिटातून, म्हणजे खाणीच्या खड्ड्यातून, पाणी उपसणाऱ्या पंपाचा आवाज गेटवर ऐकू येत होता. चहाचा कप अर्धा व्हायच्या आत आवाज बंद. आउटलेटवर, म्हणजे खाणीचं पाणी बाहेर पडतं तिथे, पोचेपर्यंत पाऊण तास गेला, तोवर पाइपातून हाताच्या करंगळीएवढी धार, आणि नाल्याचं पाणी डोळ्यांदेखत निवळत चाललेलं. तेच पाणी बाटलीत भरलं. भर पावसात छत्रीखाली मेणबत्ती धरून लाख वितळवली, लेबल भिजून शाई पसरली म्हणून दुसरं लावलं, दोन्हीकडच्या सह्या घेतल्या, सगळं एकदम नियमाप्रमाणे. परत येताना वाड्यावरच्या एका म्हाताऱ्यानं जीप अडवून प्लॅस्टिकची बाटली हातात दिली, म्हणाला पहाटे पाचला भरून ठेवलीय. ती पण लॅबमध्ये टाकली, माझ्या समाधानासाठी. तरंगता गाळ आमच्या सीलवालीत लिटरला शंभर मिलिग्रॅमच्या आत, त्याच्या बाटलीत हजाराच्या वर. कागदावर गेली आमची.

त्यात लबाडी कोणाची? आम्ही नियम पाळला, खाणवाल्यानं पंप बंद केला (पंप बंद करणं काही गुन्हा नाही), लॅबनं खरा आकडा दिला. तरी पत्र गेलं "मर्यादेत आहे". तुमच्याकडे आलेलं पत्र कदाचित असंच असेल, सगळ्यांनी खरं बोलून तयार झालेलं.

आता कायदा. पाण्याचा कायदा १९७४ चा. त्याच्या कलम २१ मध्ये सांडपाण्याचा नमुना कसा घ्यायचा ते लिहिलंय: तिथल्या तिथे नोटीस द्यायची, खाणवाल्यासमोर नमुन्याचे दोन भाग करायचे, दोन्हीला सील, दोन्हीवर दोघांच्या सह्या, मग मंडळाच्या किंवा मान्यताप्राप्त लॅबला. यात एक पायरी चुकली की कोर्टात तो रिपोर्ट पुरावा म्हणून चालत नाही. म्हणजे त्या म्हाताऱ्याच्या बाटलीला त्या कायद्याखाली किंमत शून्य. अधिकारी घाबरून हीच पद्धत धरून बसतात आणि त्यात बरोबर तो पाऊण तास जातो. मी अधिकाऱ्यांना शिव्या घालत नाही, एका फील्ड ऑफिसरकडे शेकडो युनिट असतात, जीपला डिझेल नसतं, आणि केस उभी राहिली तर पाच वर्षांनी उलटतपासणीत त्यालाच विचारतात की लाख कुठल्या रंगाची होती.

म्हणून तक्रार लिहिताना "प्रदूषण होतंय, कारवाई करा" असं कधीच लिहू नका. त्यावर फक्त बाटलीच भरली जाते. वेळ लिहा. पाणी कधी सुटतं, रात्री की पहाटे, पाऊस सुरू झाल्यावर किती वेळानं रंग बदलतो, हे पंधरा दिवस वहीत उतरवा, मोबाईलवर तारीख-वेळ दिसेल असे फोटो काढा, आणि अर्जात स्पष्ट मागा की नमुना पहिल्या जोराच्या पावसात, अमुक वेळेला, तीन ठिकाणी घ्यावा: खाणीच्या वर नाल्यात, आउटलेटच्या तोंडावर, आणि खाली तुमच्या बांधापाशी. नुसता खालचा घेतला तर "वरूनच तसं येतंय" म्हणतात, नुसता मिसळल्यानंतरचा घेतला तर नाल्याचं पाणी त्याला पातळ करून टाकतं.

पण बाटलीपेक्षा भारी गोष्ट म्हणजे कन्सेंट. खाणीला पाणी सोडायचं तर कलम २५ खाली मंडळाचं संमतीपत्र लागतं, आणि त्यात आउटलेट किती, कुठे, दिवसाला किती पाणी, कुठल्या तलावातून निवळून, सगळं लिहिलेलं असतं. आता तुमच्या नाल्यात जिथून पाणी पडतं ती जागा त्या कागदावर आहे का? नसेल तर काम निम्मं झालं. संमती नसलेल्या आउटलेटातून पाणी सोडणं हेच उल्लंघन, मग त्यात गाळ किती होता हा वाद नंतरचा. पंप बंद करता येतो, जमिनीतला पाइप एका चहात उपटता येत नाही. हा कागद मिळवायला आरटीआय करा, पण त्याच कलम २५ मध्ये असंही आहे की मंडळानं अशा संमतींचं रजिस्टर ठेवायचं आणि ज्याच्यावर त्या आउटलेटचा परिणाम होतो त्याला ते कामाच्या वेळात बघू द्यायचं. तुम्ही बाधित आहात, तुमचा तो हक्क आहे. क्लार्क म्हणेल असं काही नसतं, तेव्हा कलमाचा झेरॉक्स पुढे करा, वाद घालू नका. माझा अनुभव असा की झेरॉक्सला नाही म्हणायला लोक कचरतात.

त्याच्याच जोडीला पर्यावरण मंजुरीचं पत्र आणि सहामाही अहवाल बघा. २००६ च्या ईआयए (पर्यावरणावरच्या परिणामांची तपासणी) अधिसूचनेप्रमाणे प्रत्येक खाणीनं १ जून आणि १ डिसेंबरला अटी पाळल्याचा अहवाल द्यायचा असतो. मी स्वतः असे ढीगभर लिहिलेत म्हणून सांगतो, त्यातली निम्मी वाक्यं गेल्या अहवालातून कॉपी-पेस्ट असतात. "सेटलिंग पॉन्डमधला गाळ नियमित काढला जातो" हे वाक्य तर हमखास (पॉन्ड म्हणजे गाळ खाली बसवायचा तलाव). ते तुमच्या फोटोशेजारी ठेवा.

पॉन्डचं गणित समजून घ्या, सोपं आहे. समजा तलाव ५० मीटर लांब, २० रुंद, २ खोल, म्हणजे २००० घनमीटर. पंप तासाला २०० घनमीटर टाकतोय तर पाणी त्यात दहा तास थांबतं, गाळ खाली बसायला वेळ मिळतो. आता उन्हाळ्यात गाळ काढलाच नाही आणि दीड मीटर भरून आला, तर राहिले ५०० घनमीटर, पाणी थांबणार अडीच तास. वर पावसाचं पाणी, आणि कोळशाची बारीक भुकटी तर लवकर बसतच नाही, तरंगते. त्यामुळे पॉन्ड आहे की नाही हे विचारायचंच नाही, मे महिन्यात तो किती मोकळा होता हे विचारायचं. आमच्या खाणींवर पण चिकट लाल मातीसाठी तुरटी टाकावी लागायची, आणि खर्च वाचवायला ती फक्त तपासणीच्या आठवड्यात टाकायचे. मेच्या शेवटच्या आठवड्यात कुंपणाबाहेरून पॉन्डचा एक फोटो मिळाला तर जपून ठेवा.

आता तुमच्या डाळीकडे येतो, कारण मला वाटतं खरी गोम तिथे आहे.

कोळसा खाणींसाठी केंद्रानं सप्टेंबर २००० मध्ये वेगळे निकष काढले. त्यात पीएच (पाणी किती आंबट त्याचं माप) ५.५ ते ९, तरंगता गाळ लिटरला १०० मिलिग्रॅम (सिंचनासाठी जमिनीवर सोडायचं तर २००), सीओडी (पाण्यातल्या घाणीला लागणारा ऑक्सिजन) २५०, तेल-ग्रीस १०, नायट्रेट नायट्रोजन १०, अशी यादी आहे. नायट्रेट का, तर सुरुंगाच्या दारूत अमोनियम नायट्रेट असतं, न जळलेलं पाण्यात उतरतं. पण या यादीत कठीणपणा नाही. सल्फेट नाही. आणि डाळ न शिजणं म्हणजे कठीण पाणी, कॅल्शियम-मॅग्नेशियमचं. म्हणजे मंडळानं अगदी प्रामाणिकपणे योग्य वेळी नमुना घेतला असता तरी तुमच्या विहिरीचं दुखणं त्या पत्रात आलंच नसतं, कारण त्यांनी खाणीचं सांडपाणी सांडपाण्याच्या फुटपट्टीनं मोजलं, आणि तुम्ही पिताय ते पाणी. पिण्याच्या पाण्याची फुटपट्टी आयएस १०५०० या भारतीय मानकाची: एकूण कठीणपणा २०० पर्यंत ठीक, दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत, सल्फेट २०० आणि ४००, टीडीएस (विरघळलेले क्षार) ५०० आणि २०००, सगळं लिटरला मिलिग्रॅममध्ये. विहिरीचं पाणी एनएबीएल मान्यता असलेल्या लॅबमध्ये या यादीवर तपासा, पावसाळ्याआधी एकदा आणि दिवाळीनंतर एकदा, आणि त्याच दिवशी खाणीपासून लांबच्या एका विहिरीचं पण. तुलना नसेल तर "तुमच्याकडचा खडकच तसा" हे उत्तर तयारच असतं, आणि कधीकधी ते खरंही असतं, विदर्भात काही ठिकाणी मुळातच पाणी जड आहे. ते आधीच कळलेलं बरं.

पीएचची पट्टी मात्र आजच लावून बघा, केमिस्टच्या सामानाच्या दुकानात मिळते. कोळशासोबत पायराइट असतं, गंधक आणि लोखंडाचं खनिज, त्याला हवा-पाणी लागलं की गंधकाचं आम्ल तयार होतं आणि ते आम्ल खडकातले धातू विरघळवत जातं. तुमच्याकडच्या गोंडवाना पट्ट्यातल्या कोळशात गंधक बहुधा एक टक्क्याच्या आत, त्यामुळे हा त्रास कमी, पण काही खाणींचं पाणी आंबट निघतंच. नाल्यातल्या दगडांवर नारिंगी-पिवळा थर धरला असेल तर ती खूण. असं असेल तर पीएच जागेवरच मोजायला लावा, लॅबपर्यंत बाटली गेली की तो बदलतो.

याचं टोक बघायचं तर मेघालयात. जयंतिया टेकड्यांमधल्या कोळशात गंधक भरपूर, उंदराच्या बिळासारख्या खाणी, ना परवाना ना पॉन्ड, आणि पाणी इतकं आंबट की नद्यांतले मासे गेले. लुखा नदी हिवाळ्यात निळी दिसते, बघायला सुंदर, पण तो निळेपणा या आंबट पाण्याशी जोडला गेलाय. हरित लवादानं (पर्यावरणाच्या खटल्यांचं खास न्यायालय) एप्रिल २०१४ मध्ये तिथल्या अशा खाणकामावर बंदी घातली. तरी चोरून चालूच राहिलं, डिसेंबर २०१८ मध्ये क्सान इथं खाणीत नदीचं पाणी घुसून १५ कामगार अडकले. जानेवारी २०१९ मध्ये लवादानं दंड ठोकला १०० कोटी, तोही राज्य सरकारला, आणि जुलैत सुप्रीम कोर्टानं सांगितलं की ही रक्कम कोळशावरच्या वसुलीतून उभ्या राहिलेल्या निधीतून केंद्रीय मंडळाकडे वळवा. म्हणजे बंदी आहे, दंड आहे, निधी आहे. जागेवर रात्री पंप बंद करायला लावणारा माणूस नसला की हे सगळं वर्तमानपत्रात छान दिसतं.

दंडाबद्दल तुम्ही विचारलंय. केंद्रीय मंडळाचं पर्यावरण भरपाईचं एक सूत्र आहे: प्रदूषण निर्देशांक, गुणिले दिवस, गुणिले रुपये, गुणिले आकार, गुणिले जागा. लाल, म्हणजे सगळ्यात जास्त प्रदूषण करणाऱ्या, वर्गातल्या उद्योगाला निर्देशांक ८०, रुपयांचा आकडा साधारण २५०, मोठ्या उद्योगाला १.५, आणि वस्ती लहान असेल तर जागेचा १. गुणाकार केला तर दिवसाला ३०,००० रुपये, महिन्याला ९ लाख. मोठ्या खाणीला ही रक्कम म्हणजे चवथीची वर्गणी. पण सूत्रात "दिवस" आहे ना, तिथे तुमची वही कामाला येते. उल्लंघन एका दिवसाचं धरायचं की पूर्ण पावसाळ्याचं, हे तारखांवर ठरतं. ही भरपाई लावायचा मंडळांना अधिकारच नाही असा वाद बरीच वर्षं चालला, ऑगस्ट २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की पाण्याच्या कायद्याच्या कलम ३३अ खाली आहे, पण नीट नियम करून. त्याच ३३अ खाली काम बंद करायचा आणि वीज तोडायचा आदेशही देता येतो. खाणवाले दंडाला हसतात, वीज तोडायच्या नोटिशीला रात्री झोपत नाहीत, हे मी त्यांच्या ऑफिसात बसून पाहिलंय.

बँक गॅरंटी पण विचारा. अटी पाळेपर्यंत मंडळ खाणीकडून गॅरंटी घेऊन ठेवतं, अट मोडली की जप्त करायची. ती किती रकमेची, कुठल्या अटीसाठी, मुदत संपलीय का, हे आरटीआयमध्ये एका ओळीत विचारा. मुदत संपलेली गॅरंटी फाइलला टाचलेली मी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलीय, कोणी नूतनीकरण मागितलंच नव्हतं.

आणि हो, शिक्षा बदलतायत. दुरुस्तीआधीच्या पाण्याच्या कायद्यात दीड ते सहा वर्षं कैद होती, २०२४ च्या दुरुस्तीनं बऱ्याचशा गुन्ह्यांची कैद काढून १०,००० ते १५ लाख रुपये दंड ठेवलाय, पण ती आधी हिमाचल, राजस्थान आणि केंद्रशासित प्रदेशांना लागू झाली, बाकी राज्यांत विधानसभेनं ठराव केला की. तुमच्या वकिलाला ते आधी तपासायला सांगा, कारण नागरिकानं स्वतः ६० दिवसांची नोटीस देऊन कोर्टात तक्रार करायची वाट कलम ४९ मध्ये आहे आणि नोटिशीचा मजकूर त्यावर ठरेल. मला ही नोटीस आवडते. केस न करता सुद्धा ती मंडळाला हलवते, कारण तुम्ही कोर्टात गेलात तर पहिला प्रश्न मंडळालाच येणार की तुम्ही काय करत होता.

शेवटी हरित लवाद. तुम्हाला पुण्याचं खंडपीठ, आपल्या गोव्यालाही तेच (२०१७ मध्ये गोव्याच्या केसेस दिल्लीला न्यायचा घाट घातला होता, उच्च न्यायालयानं तो रद्द केला). भरपाई मागायची नसेल तर फी १,००० रुपये. लवादाच्या कायद्यातल्या कलम १४ खाली गेलात तर कारण घडल्यापासून सहा महिन्यांत जावं लागतं, नुकसानभरपाईसाठी पाच वर्षं. आणि लवादाला पुरावा कायद्याचं काटेकोर बंधन नाही, त्यामुळे तिथे त्या म्हाताऱ्याच्या पहाटेच्या बाटलीला सुद्धा बोलायला जागा मिळते. बहुतेक वेळा लवाद संयुक्त समिती नेमतो, समिती जागेवर येते, आणि परत तोच गेटवरचा चहा. तेव्हा तुमच्याकडचं कोणीतरी नाल्यावर उभं पाहिजे, पंप किती वाजता बंद झाला ते लिहून घ्यायला, आणि समितीच्या पंचनाम्यात ती वेळ घालायला लावायला.

आधी कन्सेंट मिळवा. त्यातलं आउटलेटचं पान आणि नाल्यात पाणी पडतं त्या जागेचा फोटो भावाकडून मला धाडा, जुळतं का ते मी बघतो. अर्ज त्यानंतर लिहू, आणि पाऊस लागायच्या आत पाठवू.